हाजीरजामीन कीं मालजामीन ? पुणें-नाशिक द्रुतगति लोहमार्गाच्या कागदांचें परीक्षण

पुण्याहून नारायणगांव, संगमनेर, सिन्नर ह्या वाटेनें नाशिकास जाणाऱ्या द्रुतगति लोहमार्गासंबंधानें इ. स. २०२० पासून २०२५ च्या अखेरपर्यंत जे कागद सरकारच्या व महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, संक्षेपानें महारेल, ह्या कंपनीच्या वतीनें लोकांपुढें आले, त्यांचें परीक्षण प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे. ज्या कागदाची शाई पुरती वाळलेली नाहीं त्यास ह्या त्रैमासिकांत स्थान कशाला, असा आक्षेप आमचे कांहीं मित्र घेतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा १८४९ चा करारहि एके काळीं असाच ओला होता. त्या वेळीं त्याचीं कलमें बारकाईनें वाचणारे लोक मुंबई-पुण्यांत फारच थोडे होते, आणि त्याचा पुरता अर्थ आमच्या लोकांस कळूं लागला तो पाव शतकानंतर, व्याजाच्या रकमा भरून झाल्यावर. कागद जुना होईपर्यंत थांबल्यास परीक्षण अधिक निर्दोष होतें खरें. पण ज्याच्या शेतांतून रेघ गेली त्याच्या उपयोगीं तें पडत नाहीं.

शिवाय अहमदनगर जिल्ह्याशीं (२०२४ पासून सरकारी दप्तरीं ज्याचें नांव अहिल्यानगर असें आहे) ह्या कागदांचा संबंध दुहेरी आहे. आरंभीच्या कागदांत मार्ग जिल्ह्याच्या पश्चिमेकडील संगमनेर तालुक्यांतून जातो. अखेरच्या कागदांत तोच मथळा कायम ठेवून मार्ग पूर्वेस, पुणतांबें व नगर ह्यांवरून, म्हणजे दीडशें वर्षांपूर्वीच्या धोंड-मनमाड मार्गावरून नेलेला आहे. एकाच मथळ्याखालीं दोन निरनिराळे पाठ सांपडले म्हणजे ते ताडून पाहणें हें आम्हां लोकांचें नेहमींचेंच काम होय.

परीक्षणाची कसोटी आम्ही आपल्याच दप्तरांतून घेतों. जुन्या कागदांत जामिनाचे प्रकार निरनिराळे आढळतात. हाजीरजामीन म्हणजे अमुक इसम बोलावूं तेव्हां हजर होईल, एवढ्यापुरती हमी देणारा. मालजामीन म्हणजे त्यानें रक्कम न भरल्यास ती आपण पदरची भरूं, असें लिहून देणारा. पहिल्याची अब्रू गुंतते, दुसऱ्याचें घरदार गुंततें. ज्यांनीं रुमालचे रुमाल उलगडले आहेत त्यांस हें सांगावयास नको कीं, पैसा देणारा सावकार हाजीरजामिनावर कधीं संतुष्ट नसे. तशीच वरातीची गोष्ट. सरकारनें एखाद्याच्या देण्याबद्दल महालावर वरात दिली म्हणजे देणें फिटलें असें होत नसे. महाल कोणता, त्याच्या वसुलावर आधींच किती वराता चढल्या आहेत, हें पाहून मगच त्या कागदाची किंमत ठरे. आगगाडीचे आजचे कागद इंग्रजी धाटणीचे व कोष्टकांनीं भरलेले असले तरी त्यांस हेच दोन प्रश्न विचारावयाचे आहेत.

आतां मूळ कागद. महारेल ही महाराष्ट्र सरकार व केंद्राचें रेल्वे मंत्रालय ह्यांची निम्मे-निम्मे भागीची कंपनी. तिच्या प्रस्तावास २०२० मध्यें रेल्वे मंत्रालयाची तत्त्वतः संमति मिळाली व २०२१ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें योजना मान्य केली. लांबी सुमारें २३५ किलोमीटर. मार्ग दुहेरी, रुंद मापाचा व विजेचा. वेग ताशीं २०० किलोमीटर, पुढें २५० पर्यंत वाढवितां येण्याजोगा. पुणें ते नाशिक प्रवास पावणेदोन तासांचा. खर्च १६,०३९ कोटी रुपये. हे आंकडे भाषणांतून व वृत्तपत्रांतून इतक्या नेमानें आले कीं ह्या तीन जिल्ह्यांतील पुष्कळांस ते पाठ आहेत.

येथें एका शब्दाची चिकित्सा करणें अवश्य आहे. ह्या मार्गास 'सेमी हायस्पीड' म्हणजे अर्धद्रुतगति म्हटलेलें आहे. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या रूढ व्याख्येप्रमाणें खास बांधलेल्या नव्या मार्गावर ताशीं २५० किलोमीटर अथवा अधिक वेग असल्यास तो मार्ग द्रुतगति समजला जातो. म्हणजे आज २०० व पुढें २५० ह्या दोन आंकड्यांच्या मधोमध व्याख्येची हद्द पडते. 'वाढवितां येण्याजोगा' ह्या विशेषणाची खुबी अशी कीं, खर्च अल्याडच्या वेगाचा मांडतां येतो व कीर्ति पल्याडच्या वेगाची घेतां येते. आमच्या मतें हा दोष लहान आहे. परंतु जो लेखक शब्दांत सैल असतो तो रकमांतहि सैल असण्याचा संभव असतो, एवढ्यापुरताच तो येथें नोंदला.

खरें परीक्षण पैशाच्या कलमापाशीं सुरू होतें. लोकांपुढें ठेवलेल्या गोषवाऱ्यांत खर्चाचे तीन वांटे सांगितले : शेंकडा २० राज्य सरकार, शेंकडा २० रेल्वे मंत्रालय, आणि उरलेले शेंकडा ६० वित्तसंस्थांकडून. म्हणजे प्रत्येक सरकारच्या वांट्यास सुमारें ३,२०८ कोटी व बाहेरच्या भांडवलाच्या वांट्यास ९,६०० कोटींहून अधिक. पहिले दोन वांटे नांवानिशीं आहेत. तिसरा वांटा सर्वांत मोठा, पण तेथें विशेषनाम नाहीं. 'वित्तसंस्था' हें सामान्यनाम आहे. जुन्या रोख्यांत धनकोच्या जागीं 'कोणी एक सावकार' असें लिहिलेलें आढळलें तर आम्ही त्यास खर्डा म्हणूं. रोखा म्हणणार नाहीं.

ह्याहून मोठी उणीव पुढें आहे. भाड्याचें उत्पन्न व्याजास पुरलें नाहीं तर तूट कोणीं भरावयाची, ही ओळ त्या गोषवाऱ्यांत नाहीं. दोन सरकारें मिळून शेंकडा ४० घालतात, म्हणजे तीं हजर आहेत ह्यांत संशय नाहीं. पण उरलेल्या ६० बद्दल तीं कोणत्या नात्यानें उभीं आहेत ? भागीदार म्हणून, कीं ऋणको म्हणून, कीं जामीन म्हणून ? हाजीरजामिनाचा मजकूर स्पष्ट आहे. मालजामिनाची जागा कोरी आहे. ही कोरी जागा लेखनिकाची नजरचूक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ती भरली असती तर शेंकडा २० हा आंकडाच टिकता ना. कारण तुटीची जबाबदारी जो घेतो त्याचा खरा वांटा त्यानें रोख घातलेल्या रकमेहून पुष्कळ मोठा असतो. आणि ती रिकामी ठेवली म्हणून, आमच्या समजुतीप्रमाणें, सावकारहि पुढें आला नाहीं.

ही जागा १८४९ सालीं कशी भरली होती तें पाहण्यासारखें आहे. मुंबईंत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई प्रभृति मंडळींनीं १८४५ च्या सुमारास आगगाडीची खटपट आरंभिली व लंडनांत कंपनीची जुळवाजुळव झाली. परंतु तेथील भांडवलवाला हमीवांचून पैसा सोडीना. अखेर पार्लमेंटच्या कायद्यानें १ ऑगस्ट १८४९ रोजीं कंपनी स्थापन झाली व त्याच महिन्याच्या १७ तारखेस ईस्ट इंडिया कंपनीशीं तिचा करार झाला. पांच लाख पौंड भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें घेतली. जमीन ९९ वर्षांच्या बोलीनें फुकट दिली. नफा पांच टक्क्यांवर गेल्यास वरच्या रकमेंतील निम्मी सरकारनें पूर्वीं भरलेल्या व्याजाच्या फेडीस जावी असें ठरलें. एवढ्यानेंहि न भागून, कंपनीस वाटेल तेव्हां सहा महिन्यांची सूचना देऊन मार्ग सरकारच्या गळ्यांत घालावा व आपलें भांडवल मोजून घ्यावें, अशी मोकळीक ठेविली. रुपयाचा भावसुद्धां एक शिलिंग दहा पेन्स असा बांधून घेतला. मालजामीन ह्याहून पक्का आमच्या पाहण्यांत नाहीं. सावकाराच्या बाजूनें करार लिहिणाऱ्या कारकुनाचें कौतुक करावें तितकें थोडेंच !

ह्या हमीनें आगगाडी आणली, हें नाकारतां येणार नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६३ त बोरघाट खुला झाला. पण व्याजाची ती वरात कोणत्या महालावर होती ? ती हिंदुस्थानच्या वसुलावर, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्यावर होती. भागीदार विलायतेंत बसलेले. येथल्या लोकांनीं घेतलेले भाग अगदींच थोडे. आणि तूट भरणारा मात्र येथला कुणबी. लॉर्ड डलहौसीनें मैलामागें आठ हजार पौंड खर्च धरला होता, तो हमीच्या मार्गांवर सरासरीनें दुपटीच्या वर गेला. जावयाचाच होता, कारण काटकसर करण्यांत कोणाचाहि लाभ नव्हता. हिंदुस्थानचे पूर्वींचे वित्तमंत्री मॅसी ह्यांनीं १८७२ त पार्लमेंटच्या समितीपुढें ज्या साक्षी दिल्या, त्यांचा मथितार्थ असा कीं, व्याजाची सरकारी खात्री एकदां मिळाल्यावर आपल्या पैशाचें बांधकाम झालें कीं तो नदींत गेला, ह्याची धनकोस फिकीर उरत नाहीं. आमच्याकडे ह्या प्रश्नाचा आर्थिक अंगानें विचार पुणें सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनीं १८८४ च्या सुमारास केला. ते लेख आजहि मुळांतून वाचण्यासारखे आहेत. जी. आय. पी. चा मार्ग सरकारनें १९०० त विकत घेतला व १९२५ पासून कारभारहि आपल्या हातीं घेतला. तेव्हां त्या काळाच्या इतिहासांत 'खाजगी भांडवलाची आगगाडी' हा शब्दप्रयोग जपून करावा, असें आमचें ह्या विषयावर लिहिणाऱ्यांस सांगणें आहे.

नगर जिल्ह्यास आगगाडी मिळाली ती ह्या हमीच्या रीतीनें नव्हे. व्याजाचा बोजा पाहून १८६९ नंतर सरकारनें स्वतः मार्ग बांधण्याचें धोरण धरलें, आणि धोंड-मनमाड मार्ग हें त्या धोरणाचें फळ. जी. आय. पी. च्या दोन शाखा, एक ईशान्येस भुसावळकडे व दुसरी आग्नेयीस सोलापुराकडे. एकीवरून दुसरीवर जावयाचें तर कल्याणपर्यंत उतरून थळघाट व बोरघाट हे दोन्ही ओलांडावे लागत. तो फेरा चुकविण्यासाठीं मनमाड व धोंड ह्यांस सरळ जोडणारा सुमारें १४५ मैलांचा सरकारी मार्ग बांधण्यांत आला व १८७८ त चालू झाला. (पुणें-नाशिक मार्गाची योजिलेली लांबी मैलांत केल्यास जवळजवळ तेवढीच भरते, हा केवळ योगायोग.) १८७६-७७ च्या दुष्काळांत ह्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले होते. त्या सालीं सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या शिफारशीनें दुष्काळी कामांवरील मजुरी एका रत्तल धान्याच्या हिशेबावर उतरविण्यांत आली आणि सार्वजनिक सभेनें तिच्याविरुद्ध सरकारकडे लिहिलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. मुंबई गॅझेटियरचा अहमदनगरविषयक १७ वा भाग १८८४ त निघाला, त्यांत ह्या मार्गाची हकीकत सरकारी शिस्तीनें दिलेली आहे. पण मार्गाच्या भांडवलांत मातीची पाटी उचलणाऱ्याचा वांटा किती, हें कलम कोणत्याच गॅझेटियरांत नसतें.

ह्या मार्गाच्या कागदांत एक गुण मात्र स्पष्ट दिसतो. पैसा सरकारचा, मार्ग सरकारचा, तोटा झाल्यास तोहि सरकारचा. चालविण्याचें काम पुढें जी. आय. पी. कडे गेलें तरी तुटीचा धनी कोण, हा प्रश्न कधीं उत्पन्न झाला नाहीं. आणि खाजगी भांडवल जिल्ह्यांत आलें तें ह्या मार्गाच्या मागोमाग, तेंहि एकट्या मार्गामुळें नव्हे, तर प्रवरेचे कालवे झाल्यावर. भंडारदऱ्याचें धरण १९२६ त पुरें झालें; हरेगांवची साखर निघाली; बेलापूर ह्या नांवाच्या स्टेशनाभोंवतीं श्रीरामपूर हें शहर वसलें (स्टेशनाचें नांव पुष्कळ काळ बेलापूरच राहिलें); आणि १९५० त विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीनें लोणीस शेतकऱ्यांच्या भागभांडवलाचा साखर कारखाना उभा राहिला. ह्यांतील कोणीं आगगाडींत पैसा घातला नाहीं. आगगाडी आहे असें पाहून त्यांनीं उसांत घातला. नगर जिल्ह्यापुरता तरी इतिहास असा आहे कीं, खाजगी भांडवल रुळांच्या कडेला आलें, रुळांखालीं गेलें नाहीं.

सरकारनें शब्द दिला म्हणजे मार्ग झालाच, असें मानणाऱ्यांसाठीं त्याच नगर स्टेशनाहून निघणारा दुसरा मार्ग पाहावा. नगर-बीड-परळी हा सुमारें २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ त मंजूर झाला. तेव्हांचा अंदाज ३५३ कोटींचा. पुढें खर्च राज्यानें व केंद्रानें निम्मा-निम्मा सोसावा असें ठरलें. त्यावर आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरांवर गाडी धांवली ती सप्टेंबर २०२२ मध्यें, आणि बीडास पोंचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. मध्यंतरीं अंदाज साडेचार हजार कोटींच्या वर गेला. येथें खाजगी सावकार नव्हता व मालजामीनहि पक्का होता. उणीव होती ती मुदतीच्या ओळीची. जामीन आहे पण मुदत नाहीं, अशा रोख्यावर पैसा बुडत नाहीं; माणसाचें एक आयुष्य मात्र निघून जातें.

परदेशांतील दोन उदाहरणें ह्या ठिकाणीं उपयोगीं पडतील. जपानांत टोकियो-ओसाका हा पहिला द्रुतगति मार्ग १९६४ त खुला झाला. त्यासाठीं १९६१ त जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरांचें कर्ज घेतलें होतें. खर्चाच्या मानानें ती रक्कम लहान; पण तिच्या कराराचें महत्त्व रकमेंत नव्हतें. परक्या धनकोस लिहून दिल्यामुळें जपानच्या पुढील मंत्रिमंडळांसहि काम अर्ध्यावर सोडतां येईना. कर्ज काढून सरकारनें स्वतःलाच जामीन ठेवून घेतलें, अशी ही युक्ति. उलट प्रकार तैवानांत घडला. तैपेई ते काओशुंग हा सुमारें ३४५ किलोमीटरचा मार्ग सरकारी पैशावांचून बांधून दाखवितों, अशा बोलीवर खाजगी कंपनीनें १९९८ त ३५ वर्षांचा करार केला. मार्ग उत्तम झाला, जानेवारी २००७ मध्यें गाड्या चालूं लागल्या. परंतु व्याज व घसारा ह्यांच्या ओझ्याखालीं कंपनी वाकली. २००९ त संचालक मंडळाचा ताबा सरकारकडे आला, आणि २०१५ त भांडवलाची फेररचना होऊन कराराची मुदत ३५ ची ७० वर्षें झाली. करारांत मालजामिनाची ओळ नसली तरी मार्ग एकदां उभा राहिल्यावर ती काळ आपोआप भरतो, आणि नांव सरकारचेंच घालतो.

आपल्याकडील मुंबई-अहमदाबाद मार्गाचे कागद ह्या दृष्टीनें ताडून पाहतां अधिक सरळ वाटतात. डिसेंबर २०१५ मध्यें जपानशीं झालेल्या ठरावाप्रमाणें ५०८ किलोमीटरांचा मूळ खर्च १ लाख ८ हजार कोटी. त्यांतील सुमारें शेंकडा ८१ जपानचें कर्ज, व्याज शेंकडा ०.१, मुदत ५० वर्षें, पहिल्या १५ वर्षांत फेड नाहीं. बांधणाऱ्या कंपनींत केंद्राचा निम्मा व महाराष्ट्र आणि गुजरात ह्यांचा पाव-पाव भाग. त्या मार्गाची आवश्यकता, खर्चाची वाढ, जमिनीचा तंटा ह्यांबद्दल मतभेद पुष्कळ आहेत व कांहींत आम्हीहि आक्षेपकांच्या बाजूचे आहों. पण धनको, ऋणको, व्याज, मुदत ह्या चार ओळी तेथें भरलेल्या आहेत आणि खाजगी भांडवलाचें सोंग नाहीं. पुणें-नाशिकच्या कागदांत ह्यांपैकीं निम्म्या ओळी मोकळ्या होत्या, तरी मोजणीचे खुंट मात्र शेतांत आले.

आतां त्या खुंटांकडे येऊं. २०२२ मध्यें सिन्नर तालुक्यांत शेतकऱ्यांकडून थेट खरेदीनें जमिनी घेण्यास आरंभ झाला. संगमनेर तालुक्यांतहि मोजणीचीं कामें झालीं. केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मान्यता मात्र आली नाहीं, आणि पैशाअभावीं खरेदीचें कामहि थंडावलें. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्यें रेल्वेमंत्र्यांनीं संसदेंत सांगितलें कीं, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीस बाध येत असल्यामुळें योजिलेला मार्ग स्वीकारतां येत नाहीं. ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचा समूह. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय केंद्राचा तो जगद्विख्यात उपक्रम. आकाशांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी तेथें टिपल्या जातात व विजेच्या गाड्यांच्या गोंगाटांत त्या हरवूं शकतात. हा आक्षेप खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्ञानसाधनेच्या बाजूनें आमचें झुकतें मापच राहील. आमची हरकत कागदांच्या क्रमास आहे. दुर्बीण नकाशाच्या आधींची, आणि डोंगराआड लपलेली नव्हे. प्रथम संमति, मग मोजणी, मग खरेदीखत, आणि सर्वांच्या शेवटीं दुर्बिणीवरून निर्णय : हद्द ठरण्यापूर्वींच सनद लिहिली गेली, असाच हा प्रकार झाला. आणि संशोधकानें हेंहि लक्षांत ठेवावें कीं, दुर्बिणीचा निर्णय येण्यापूर्वींच पैशानें काम अडलें होतें. मार्ग का झाला नाहीं ह्याचें उत्तर लिहितांना पुढील इतिहासकार बहुधा दुर्बिणीचें नांव घेतील, कारण तें संसदेंत उच्चारलें गेलें. कोऱ्या राहिलेल्या ओळीचा उच्चार कोणी करीत नाहीं.

२०२५ च्या अखेरीस लोकसभेंत सांगितलेला नवा पाठ असा : नाशिक ते शिर्डी नवा मार्ग, सुमारें ८२ किलोमीटर, शिर्डी ते पुणतांबें सुमारें १७ किलोमीटरांचें दुहेरीकरण, मंजूर खर्च सुमारें २४० कोटी, पुणतांबें ते निंबळक सुमारें ८० किलोमीटरांचें दुहेरीकरण पुरें झालेलें, आणि नगर ते पुणें चाकणवरून सुमारें १३३ किलोमीटरांचा नवा मार्ग. बेरीज तीनशें किलोमीटरांच्या वर जाते. ह्या पाठांतील जो भाग खरोखर जमिनीवर आहे तो पुणतांबें-निंबळक, म्हणजे धोंड-मनमाड मार्गाचाच तुकडा. दुष्काळी मजुरांनीं घातलेल्या भरावाशेजारीं दुसरा रूळ पडला, आणि तो 'पुणें-नाशिक' ह्या शीर्षकाखालीं जमेस धरला गेला !

दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचले असतां नव्यांत काय गळलें तें ध्यानांत येतें. ताशीं २०० किलोमीटर गळले, पावणेदोन तास गळले. शेंकडा ६० चा अनामिक सावकारहि गळला. जो खर्च आहे तो सरळ रेल्वेचा. म्हणजे जामिनाच्या दृष्टीनें नवा कागद जुन्याहून चांगला आहे हें मान्य केलें पाहिजे. नगर शहरास पुण्याशीं सरळ मार्ग मिळणें ही जुनी गरज होती व ती ह्यानें भागेल तर आम्हांस आनंदच आहे. परंतु ह्यास पुणें-नाशिक मार्गाचा 'पर्याय' म्हणणें बरोबर नव्हे. सातारच्या वतनाचा दावा चालला असतां सोलापुरास इनाम दिलें तर इनाम खरेंच असतें, पण दाव्याचा निकाल झाला असें होत नाहीं. संगमनेर व अकोलें ह्या तालुक्यांत १८७८ त आगगाडी आली नव्हती, कारण ती पूर्वेकडून गेली; नव्या पाठांतहि ती पूर्वेकडूनच जाते.

संगमनेरच्या बाजूनें असें म्हटलें जातें कीं, सरकारनें हात आंखडला म्हणून काय झालें, खाजगी भांडवलाकडे हें काम सोंपवा, तें आनंदानें येईल. वर दिलेल्या पुराव्यावरून आम्हांस हें संभवनीय वाटत नाहीं. पांच टक्क्यांच्या हमीवांचून लंडनचा पैसा १८४९ त आला नाहीं. तैवानांत हमीवांचून आला तो पुढें सरकारासच सोडवावा लागला. दुसऱ्या बाजूनें, सरकारनेंच सर्व करावें असें म्हणणाऱ्यांनीं बीडच्या तीस वर्षांचा हिशेब पुढें ठेवूनच मुदत मागितली पाहिजे. यापुढें ह्या मार्गाचा कोणताहि नवा कागद निघाल्यास त्यांत धनकोचें नांव, तुटीचा जामीन व मुदत ह्या तीन ओळी आहेत कीं नाहींत, एवढेंच प्रथम पाहावें. वेगाचा आंकडा मागाहून वाचला तरी चालेल.

आतां संग्राहकांस एक विनंती. मंत्रिमंडळाचे ठराव व संसदेंतील उत्तरें सरकारी दप्तरांत राहतील. त्यांची काळजी आपण करावयास नको. नाहींसे होतात ते लहान कागद. संयुक्त मोजणीच्या वेळीं गांवच्या चावडीवर लागलेल्या नोटिसा, शेतकऱ्यांस आलेलीं व्यक्तिगत पत्रें, मोजणीच्या नकाशांच्या प्रती, ग्रामसभांचे अनुकूल-प्रतिकूल ठराव, सिन्नरकडील खरेदीखतांच्या नकला, आंदोलनाचीं हस्तपत्रकें : हे आज संगमनेर, सिन्नर, जुन्नर, आंबेगांव व खेड ह्या तालुक्यांत घरोघर फडताळांत पडले असतील, आणि पांच-सात वर्षांत रद्दींत जातील. ज्या सभासदांचा त्या भागाशीं संबंध आहे त्यांनीं मालकाच्या संमतीनें ह्यांच्या नकला घ्याव्या, जिवंत माणसांचीं नांवें प्रसिद्ध करूं नयेत, आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर गांव, तालुका व मिळाल्याची तारीख शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावी. नोटिशीचीं पाकिटेंहि फेकूं नयेत. पुष्कळ नोटिसांवर तारीख घातलेली नसते व ती टपालाच्या शिक्क्यावरूनच ठरवावी लागते.